वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?



2002 च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्याला स्वतःची उत्पादक कंपनी काढायची वाट मिळाली. आता त्या कंपन्यांना वेबसाइट विकायला शहरातली मंडळी येऊ लागली आहेत. नमुना दाखवतात तो हलत्या चित्रांचा. हिरवेगार शेत, हसरा शेतकरी. इतका हसरा कोरडवाहू शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही!

ज्वारी घेणाऱ्याला चित्र नको आहे. मालदांडी की दगडी, पोते किती किलोचे, भाव काय, फोन कोणाला करायचा, एवढे त्याला मोबाइलवर पहिल्याच पानात दिसले पाहिजे. कापूस घेणारा धाग्याची लांबी आणि ओलावा विचारतो, तेही तिथेच हवे. जड चित्रांचे पान कमी रेंजमध्ये उघडता उघडत नाही, गिऱ्हाईक निघून जाते. भाव आपल्याच कार्यालयातल्या मुलीला बदलता यावा. दरवेळी पुण्याला फोन करावा लागला तर गेल्या हंगामाचा भाव वर्षभर तसाच राहतो, आणि भांडणे आपल्या दारात.

नावाच्या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. बनवणाऱ्याने वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर नोंदले. मुदत संपली, त्याचा फोन लागेना, वेबसाइट बंद. जमीन आपली आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी गत झाली.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या कंपनीच्या डोमेनची नोंद कोणाच्या नावे आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे विचारून या. पासवर्ड मात्र बैठकीत वाचून दाखवू नका.