शशी गोडबोलेला एकटीला बाहेर जाऊ द्या

न्यूयॉर्कमधलं एक कॅफे. मागे रांग खोळंबलेली, काउंटरवरची बाई घाईत. पाणी कुठलं हवं, कॉफी कुठली हवी, सोबत खायला काय, एका उत्तराआधी दुसरा प्रश्न. साडी नेसलेली शशी गोडबोले जेमतेम दोन शब्द जुळवते आणि ती बाई तिच्यावर खेकसते. शशी रडतच बाहेर पडते. बाकावर येऊन बसते, तेव्हा रांगेतला एक अनोळखी फ्रेंच माणूस तिची कॉफी घेऊन तिच्यामागे येतो. त्याचं नाव लोराँ. त्याचं इंग्रजीही यथातथाच.

गौरी शिंदेंचा ‘इंग्लिश विंग्लिश’ ऑक्टोबर 2012 मध्ये आला आणि ‘जुदाई’नंतर पंधरा वर्षांनी श्रीदेवी मोठ्या पडद्यावर परतली. सगळ्यांनी त्याला इंग्रजी शिकणाऱ्या गृहिणीची गोष्ट म्हटलं. मला तो परक्या मुलखातल्या एकटेपणाचा आपल्याकडचा सर्वांत खरा सिनेमा वाटतो. गौरी शिंदे पुण्याच्या. त्यांच्या आईने घरून लोणच्यांचा व्यवसाय केला. आईला इंग्रजी येत नाही याची आपल्याला लहानपणी लाज वाटायची, हे त्यांनी उघडपणे सांगितलंय. म्हणून शशीचं एकटेपण अमेरिकेत सुरू होत नाही. पुण्याच्या घरात नवरा तिच्या लाडवांची थट्टा करतो, मुलीला आईसोबत शाळेत जायला लाज वाटते. न्यूयॉर्कला जाताना शशी तेच बरोबर घेऊन जाते. तिथे ते लपवायला घरकाम नसतं, एवढाच फरक.

या विषयावर जगभर नाव घेतलं जातं ते सोफिया कोपोलांच्या 2003 च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’चं. टोकियोतलं उंच हॉटेल, जाहिरातीसाठी आलेला उतरणीचा नट, नवऱ्यामागे आलेली तरुण बायको, दोघांनाही झोप नाही. शेवटी तो तिच्या कानात काहीतरी सांगतो आणि प्रेक्षकाला ते ऐकू येत नाही. पटकथेला ऑस्कर मिळालं, ते रास्तच. पण त्या सिनेमातले जपानी लोक मागच्या देखाव्यासारखे राहतात. दोन अमेरिकन एकमेकांना भेटतात, तेही एकाच भाषेत. ‘इंग्लिश विंग्लिश’ इथे एक पाऊल पुढे आहे. शशीच्या इंग्रजीच्या वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, मेक्सिकोची आया आहे, तमिळ इंजिनिअर आहे. कुणाचीच भाषा कुणाची नाही, तरी माणसं जुळतात. लोराँ फ्रेंचमध्ये बोलतो, शशी हिंदीत, आणि दोघांचं बोलणं अडत नाही.

लोराँ तिच्या प्रेमात पडतो. ती पडत नाही. सिनेमा यावरून ना लफडं उभं करतो, ना लोराँला खलनायक ठरवतो. आपल्याला प्रेम नको होतं, थोडा मान हवा होता, हे शशी भाचीला सांगते आणि जाताना लोराँचे मनापासून आभार मानते. बाईला नवरा आणि भाऊ सोडून तिसऱ्या पुरुषाशी स्वच्छ मैत्री करता येते, चार आठवड्यांची मैत्रीही खरी असते, हे इतक्या सरळपणे सांगणारे आपले सिनेमे फार थोडे.

नागपूरच्या मिहानच्या परिसरात राहताना हा सिनेमा वारंवार आठवतो. इथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. इथल्या पोरापोरींना केव्हातरी ऑनसाइटचं बोलावणं येतं, पुढे संसार तिकडेच थाटला जातो आणि मग एक दिवस फोन येतो, आई, बाळंतपणाला ये. मिहानला लागूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ. काटोलची, उमरेडची, हिंगणघाटची आई तिथून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसते. बॅगेत डिंकाचे लाडू, कुरड्या, सांडगे, तिखट. मुक्काम चार-सहा महिन्यांचा.

तिकडे काय होतं, ते परतलेल्या बायका हळूहळू सांगतात. लेक-जावई कामात, बाळ झोपलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी चालवता येत नाही. खिडकीतून समोरच्या घराचं गॅरेज दिसतं. इकडे दिवसाला दहा बायकांशी बोलणारी बाई तिकडे दिवसभरात बाळाशीच काय ते बोलते. फोनवर मात्र ‘मजेत आहे’. मुलं वाईट नसतात. शनिवार-रविवारी नायगारा दाखवतात, मॉलमध्ये नेतात. पण आईला स्वतःची म्हणून एखादी ओळख लागते, मुलीची आई किंवा बाळाची आजी यापलीकडची, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

शशीने बसवर क्लासची जाहिरात वाचली आणि लाडवांच्या कमाईतून स्वतः फी भरली. घरच्यांपासून लपवून ती मेट्रोने ये-जा करू लागली. तिचा चेहरा बदलतो तो याच दिवसांत, वाक्यं नीट येऊ लागण्याच्या कितीतरी आधी. लाडू विकणाऱ्या बाईला उद्योजिका म्हणणारा पहिला माणूस तिला घरात भेटला नाही, त्या वर्गात भेटला.

म्हणून मिहानमधून तिकडे गेलेल्या आणि जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. आई यायच्या आधी हा सिनेमा पुन्हा एकदा बघा. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत नवख्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग चालतात. तिथे आईचं नाव नोंदवा. बस असेल तर बसचा रस्ता दाखवा, नसेल तर दारापर्यंत सोडून या, पण आत तिला एकटीला जाऊ द्या. परत आल्यावर कोण भेटलं ते तिने सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर खोदून विचारू नका. आणि तेवढे दोन तास बाळाला तुम्ही सांभाळा.