पाळी जाण्याचे वय

पाळी केव्हातरी जायचीच, तिचा एवढा विचार कशाला, असे अनेक घरांत म्हटले जाते. वाचक भगिनींनो, रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, हे खरेच. साधारणतः ४५ ते ५५ या वयात बीजकोशांचे कार्य मंदावते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. अंगातून वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप उडणे, मन चिडचिडे होणे हे त्रास बहुधा कालांतराने कमी होतात.

परंतु पाळी कोणत्या वयात गेली, हे क्षुल्लक नाही. बंगळुरू येथील इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज या संस्थेतील टी. एस. श्यामला आणि त्यांच्या सहकारी एम. शिवकामी यांनी १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा अभ्यास करून २००५ साली निबंध प्रसिद्ध केला. आपल्या देशात चाळिशीपूर्वीच पाळी गेलेल्या स्त्रिया पुष्कळ असून गरीब व निरक्षर स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे, असे त्यात दिसून आले.

लवकर पाळी जाण्याचे दुसरे कारण शस्त्रक्रिया हे होय. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे २०१९ साली शासकीय समितीला आढळले. खाडा पडून मजुरी बुडू नये, ही धास्तीही त्यामागे होती. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. ते राखले तरी ती लवकर येण्याचा संभव असतो.

बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हाडांना बळकटी देते व हृदयाचेही रक्षण करते. ते अकाली आटले, तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून चाळिशीपूर्वी पाळी थांबल्यास ‘सुटले एकदाची’ असे न मानता डॉक्टरांकडे जावे. योग्य स्त्रीला हार्मोनचे औषध देता येते. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही दवडू नये.

आहारात नाचणी, तीळ, दूध असावे, रोज चालावे, तंबाखू वर्ज्य करावी. आणि गृहस्थहो, घरातील स्त्री काय सोसते हे तिला आपण होऊन विचारावे. पुष्कळदा ती स्वतः सांगत नाही.