बोटाचा जोर आणि सुराचा भार

बास गिटार वाजवणाऱ्या आमच्या तरुणांमध्ये एक समजूत दृढ होऊन बसली आहे. तार जितक्या जोराने ओढावी तितका नाद भरदार आणि तितका वादकाचा आवेश खरा, अशी ती समजूत. लग्नसमारंभातील वाद्यवृंदापासून उपासनामंदिरातील गायकवृंदापर्यंत तिचे प्रत्यंतर येते. ती चुकीची आहे, आणि जी चूक हसून सोडून द्यावी अशातलीही ती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या समजुतीचे मूळ आमच्याच मातीत असावे. कंधारजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेथे वाघ्याचे तुणतुणे ऐकावे. तळाशी कातडे मढवलेले लाकडी नळकांडे, कडेला एक काठी आणि एकुलती एक तार, एवढाच त्याचा संसार. दिमडीच्या कडकडाटात आणि हजारोंच्या कोलाहलात ते ऐकू जायचे, तर तारेवर लाकडी तुकड्याचा करकरीत आघात करावाच लागतो. त्या वाद्याचा सगळा आवाज वाजवणाऱ्याच्या हातातून येतो. दुसरा दाता त्याला नाही.

बास गिटारची गोष्ट नेमकी उलट आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. तोपर्यंत उभ्या, अवजड डबल बासचा वादक नृत्यगृहांच्या गोंगाटात बोटांना फोड येईपर्यंत तारा ओढत असे आणि तरीही पुरेसा ऐकू येत नसे. फेंडर यांच्या वाद्याचे अंग भरीव लाकडाचे. विजेवाचून ते जेमतेम कुजबुजते. तारांखालचे लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे कंपने टिपतात आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. नादाला आकार द्यायचा तो बोटांनी, मोठेपणा द्यायचा तो यंत्राने, अशी ही कामाची वाटणी आहे. बास गिटारवर तुणतुण्याचा आघात करणाऱ्याला ही वाटणीच कळलेली नसते.

जोर वाढवला की होते काय? जाड तार मोठ्या झोक्याने हलू लागते, ताणली जाते, आणि आरंभीचा क्षणभर सूर चढा लागून मग जागेवर येतो. तीच तार धातूच्या पडद्यांवर आपटून खटखट करते. आघाताचा पहिला धक्का मोठा आणि मागून येणारा सूर त्या मानाने लहान, अशी विषमता उत्पन्न होते. ज्या सुरावर इतरांनी उभे राहायचे तोच मग ठरत नाही. आमच्या सभागृहांतील उंच, अरुंद स्पीकर भाषणासाठी बनवलेले असतात. बासच्या सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने त्यांतून फारशी उतरतच नाहीत. ऐकू येतात ते वरचे उपस्वर. भरदारपणा येत नाही म्हणून मुलगा अधिक जोर लावतो; वाढते ती खटखट.

प्रतिपक्षाकडे मोठी नावे आहेत, हे मान्य. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने वाजवी. त्याच्या तारा जाड आणि उंच बसवलेल्या, तेव्हा बोटात बळ हवेच होते. ‘आयर्न मेडन’चा स्टीव्ह हॅरिस पडद्यांवर तार आदळवतो, कारण त्याला तो खणखणाटच हवा असतो. त्यांनी आपला नाद निवडला आणि त्याला लागेल तेवढा जोर लावला. आमचा मुलगा काहीही निवडत नाही. त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. बासचे काम मुळात अदृश्य राहण्याचे आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव, ती गाणी पाठ असलेल्या किती श्रोत्यांना सांगता येईल?

हलका हात म्हणजे दुबळा नाद नव्हे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो तंबोरा छेडताना बोटाच्या मांसल भागाने तार नुसती सोडायची असते; हिसका दिला की घोडीवरच्या धाग्याने साधलेली जवारी विसकटते. बासवरही बोट तारेवरून अलगद सरकून शेजारच्या तारेवर विसावावे, तार अंगापासून बाहेर उपटू नये. घोडीजवळ छेडली तर नाद कडक, मानेजवळ छेडली तर गोल. एवढी विविधता जोर न वाढवता मिळते. माझ्या मते नित्याच्या वादनाला ताकदीचा तिसरा हिस्सा पुरे. उरलेला राखून ठेवला तर एखाद्या स्वरावर वजन देता येते. सगळेच स्वर ओरडू लागले तर वजन द्यायचे कशावर? (प्रवचनाच्या पहिल्याच वाक्याला आवाज चढवणाऱ्या आम्हा धर्मगुरूंची गत काही वेगळी नसते, पण तो विषय येथे नको.)

उपासनेत या प्रश्नाला आणखी धार येते. १९६७ सालच्या ‘म्युझिकाम साक्राम’ या पत्रकात चर्चने वाद्यांना मज्जाव केलेला नाही. वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा, शब्द दिसेनासे करू नयेत, अशी अट घातली. आमच्या खेड्यापाड्यांतील अनेक वृद्ध स्त्रियांना अक्षरओळख नाही. स्तोत्र त्या कानांनीच शिकतात, कानांनीच पाठ करतात. दुसऱ्या ओळीचे शब्द दणक्याखाली गेले की ते स्तोत्र त्यांच्यापुरते तेथेच संपते. पुस्तक उघडून पाहण्याची सोय त्यांना नाही.

या समजुतीचा सर्वांत मोठा अन्याय मात्र मुलींवर होतो. ‘मुलींच्या बोटांत जोर नसतो’ असे सहज म्हणून त्यांना बासपासून दूर ठेवले जाते, आणि हे म्हणणाऱ्यांत जाणती माणसेही असतात. लॉस एंजेलिसमध्ये १९६०च्या दशकात कॅरोल के यांनी ‘बीच बॉईज’सह कितीतरी गायकांच्या ध्वनिमुद्रणांत बास वाजवली, पिकने वाजवली, तारांवर कापडी दाब ठेवून वाजवली. मुंबईची मोहिनी डे ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवून जगभर पोहोचली. तीही हवे तेथे तारेवर तडाखा मारते. पण तो हवे तेथेच. तेव्हा जोराचे कारण पुढे करून मुलींना नकार देणे निराधार आहे. आगमनकाळाच्या तालमी सुरू होतील तेव्हा बास कोण घेणार, हे मुलींनाही विचारावे. वाद्य त्यांच्या हाती देण्याआधी घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली आणून घ्याव्यात. जाणत्याच्या हातचे ते थोड्या वेळाचे काम आहे, आणि तारा खाली आल्या की मुलांचेही अर्धे हिसके आपोआप थांबतील.