हॅश जुळला, पैसे गेले

हिंजवडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका रात्री दोन वाजता रूममेटने मला हलवून उठवलं. तो एका ऑनलाइन कॅसिनोवर डाइस खेळत होता. ५० रुपयांपासून सुरुवात, हरलं की रक्कम दुप्पट, जिंकलं की पुन्हा ५०. त्या रात्री तो सलग दहा वेळा हरला होता. असं दुप्पट करत गेलं की दहाव्या डावाअखेर एकूण ५१,१५० रुपये गेलेले असतात. त्याचे गेले होते.

"सलग दहा? शक्यच नाही रे. चीटिंग आहे. तू चेक कर."

मी लॅपटॉप उघडला. साईटवर 'प्रोव्हेबली फेअर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि निकाल कसा काढतात तेही दिलेलं होतं. वीस-पंचवीस ओळींची पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. दहाच्या दहा निकाल जुळले. मी म्हणालो, "साईट क्लीन आहे." त्याच्या चेहऱ्यावर चक्क दिलासा दिसला. "म्हणजे फेअर आहे ना? मग येतील परत."

मी झोपायला गेलो. तो खेळत बसला.

मी तेव्हा बोललो ते तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरं होतं, आणि तरीही मी त्याला फसवलं. 'प्रोव्हेबली फेअर' हे शब्द रोज नेमकं हेच करतात.

आधी तंत्राला त्याचं श्रेय देऊ, कारण ते खरंच सुंदर आहे. १९८१ साली मॅन्युएल ब्लम या संगणकशास्त्रज्ञाने एक प्रश्न मांडला. घटस्फोट झालेलं जोडपं, दोघं वेगवेगळ्या शहरांत. गाडी कोणाला, हे फोनवर नाणं उडवून ठरवायचंय. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. मग नाणं उडवायचं कसं? उत्तराचा गाभा असा : एकाने आपली निवड आधीच बंद पाकिटात घालून द्यायची. दुसऱ्याने मग आपली निवड सांगायची. शेवटी पाकीट उघडायचं. कोणालाच मागाहून शब्द फिरवता येत नाही.

ऑनलाइन डाइसमध्ये पाकिटाचं काम हॅश करतो. साईट एक गुप्त संख्या निवडते, तिला सर्व्हर सीड म्हणतात. तिचा एसएचए-२५६ हॅश तुम्हाला आधीच दाखवते. हॅशवरून मूळ संख्या काढता येत नाही, आणि तोच हॅश देणारी दुसरी संख्या शोधणंही व्यवहारात अशक्य. तुम्ही तुमचं क्लायंट सीड देता. दोन्ही सीड आणि डावाचा क्रमांक एकत्र करून निकाल निघतो. तुम्ही सीड बदललं की साईट जुनं सर्व्हर सीड उघड करते. तुम्ही त्याचा हॅश काढून बघता, निकाल पुन्हा मोजून बघता. जुळलं, तर तुमचा पैसा बघून निकाल फिरवलेला नाही, हे सिद्ध.

ही गरज जुनी आहे. मुंबईतला मटका कापसाच्या भावांवरच्या पैजांतून सुरू झाला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. इथल्या कोणा बुकीला न्यूयॉर्कचा भाव फिरवता येणार नाही, हाच त्यातला भरवसा. भाव येणं थांबलं तेव्हा मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते आले, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. आकडा खरा होता म्हणून गिरणी कामगाराच्या पगाराचं भलं झालं, असं मात्र कोणी म्हणत नाही. मग हॅश खरा आहे म्हणून आमचं भलं होईल, असं आम्हाला का वाटतं?

हॅश काय सिद्ध करत नाही, ते बघा.

पहिलं, निकाल कोणाला आधी माहीत नव्हता, हे तो सिद्ध करत नाही. पाकीट बंद असतं ते तुमच्यासाठी. क्रॅशसारख्या खेळात, जिथे आकडा वर चढत जातो आणि तो फुटायच्या आत पैसे काढायचे असतात, तिथे सगळ्या डावांची साखळी आधीच तयार असते. सर्व्हरच्या आत बसलेल्याला पुढचा डाव कुठे फुटणार हे माहीत असू शकतं, आणि तो खेळाडू बनून तुमच्याच शेजारी बसू शकतो. अब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या साईट्सची प्रकरणं २००७-०८ मध्ये बाहेर आली. आतल्या काही खात्यांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते. पत्ते कितीही नीट पिसलेले असोत, अशा वेळी त्याचा काय उपयोग?

दुसरं, क्लायंट सीड बहुतेकदा साईटच भरून देते आणि आपण ते तसंच ठेवतो. तुमचं सीड आधी माहीत असेल, तर तुम्ही हराल असं सर्व्हर सीड शोधून मग त्याचा हॅश दाखवता येतो. हॅश तरीही जुळेल. म्हणून हॅश बघितल्यावर सीड स्वतः टाइप करायचं असतं. किती जण करतात? आणि पडताळणीचं बटण त्याच साईटवर दाबलं, तर आरोपीलाच पंच नेमल्यासारखं झालं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : किंमत. रूममेटच्या खेळात जिंकायची शक्यता ४९.५ टक्के आणि जिंकल्यावर दुप्पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी १ रुपया साईटचा. हे लपवलेलं नाही, नियमांत लिहिलेलंच असतं. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत एक शून्य असलेल्या रुलेटवर हाच वाटा ३७ मध्ये १, म्हणजे सुमारे २.७ टक्के. मग ऑनलाइन स्वस्त? तासाला समजा ४० फेऱ्या, प्रत्येकीवर १०० रुपये : रुलेटवर सरासरी १०८ रुपये जातात. ऑटो-बेट लावून दर दोन सेकंदांना १०० रुपये : तासाला १,८०० डाव, सरासरी १,८०० रुपये जातात. टक्का कमी, वेग पंचेचाळीसपट.

आणि ती दहा हरींची रांग? प्रत्येक डावात हरायची शक्यता ५०.५ टक्के. सलग दहा हरायची शक्यता साधारण ९२५ मध्ये १. ऑटो-बेटवर इतक्या मालिका एका रात्रीत सहज होतात. ती रांग येणारच होती. साईटला फसवायची गरजच नव्हती.

मान्य, जिथे काहीच तपासता येत नाही त्या कॅसिनोपेक्षा हे बरं. पण तुलना कोणाशी चाललीय बघा. वजनकाटा बरोबर आहे म्हणून भाव वाजवी ठरत नाही. 'फेअर'चे मराठीत दोन अर्थ होतात, प्रामाणिक आणि न्याय्य. हॅश पहिल्याची साक्ष देतो आणि जाहिरात दुसरा विकते. वर जे पैसे काढताना अडतात, जे खातं अचानक बंद होतं, त्याला कुठलाही हॅश नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परदेशातून चालणाऱ्या अशा साईटवर पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार?

राग खरं तर आम्हा इंजिनिअर लोकांचा आहे. 'विश्वास ठेवू नका, तपासा' हे वाक्य आम्ही टी-शर्टवर घालून फिरतो. तपासता येतं ते तपासून आम्ही मोकळे होतो आणि जे तपासायला हवं ते राहून जातं. रूममेटने मला विचारलं होतं, साईट चीटिंग करतेय का. त्याला जाणून घ्यायचं होतं, मी पुढे खेळू का. मी सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन झोपलो.

दोन महिन्यांनी त्याने भाड्यासाठी पैसे मागितले, तेव्हा मी तीच स्क्रिप्ट पुन्हा उघडली. त्याच्या सगळ्या डावांची यादी घेतली आणि हॅशच्या ओळींखाली दोनच ओळी वाढवल्या : एकूण किती लावले, एकूण किती परत आले. दोन्ही आकडे त्याने बराच वेळ बघितले. मग फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "खातं तू बंद कर."

तुमच्या मित्राने कधी हॅश तपासून मागितला, तर जरूर तपासा. फक्त या दोन ओळी आधी लिहा.