घरखर्चाची वही : उन्हाळ्याचं बिल



मे महिना उजाडला. अल बर्शाच्या गल्ल्यांतून दुपारी चालणारं माणूस दिसेनासं झालं आणि घराघरांतून एसीची घरघर सुरू झाली. आता ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला 'देवा'चा नैवेद्य वाढता! दुबई इलेक्ट्रिसिटी अँड वॉटर ऑथॉरिटीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'देवा' होतो. बिल हातात पडल्यावर मराठी माणसाच्या तोंडून तोच शब्द निघतो, हा योगायोग.

बचतीच्या गोष्टींकडे वळण्याआधी एक काम करा. बिल उघडा आणि नीट वाचा. आपण शेवटचा आकडा पाहतो आणि मुलांना "दिवे बंद करा" म्हणून ओरडतो. पण तो सगळा आकडा विजेचा नसतो. त्यात पाणी असतं, सांडपाण्याचा आकार असतो आणि नगरपालिकेची हाउसिंग फी असते. ही फी म्हणजे वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा महिन्यांत विभागून. भाडं ७२,००० दिरहम असेल तर महिन्याला ३०० दिरहम. तुम्ही अंधारात बसलात तरी त्यातला एक फिल्स कमी होत नाही.

आमचं गेल्या जूनचं बिल साधारण ७५० दिरहम होतं. त्यात हाउसिंग फीचे ३००, पाणी आणि सांडपाण्याचे मिळून ऐंशी-नव्वद, आणि विजेचे सुमारे ३६५. म्हणजे वीज निम्म्याहून कमी! हे ७५० आणि ३६५ लक्षात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे.

आता दर. गावी महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे गेलं की दर उडी मारतो, म्हणून शंभराच्या आत राहायची आपली धडपड. इथे पहिली, हिरवी पट्टी २००० युनिटांपर्यंत आहे, युनिटला २३ फिल्स. पुढे ४००० पर्यंत २८, ६००० पर्यंत ३२ आणि त्यावर ३८. शिवाय इंधन अधिभार, जो बदलत असतो, आणि २०१८ पासून ५ टक्के व्हॅट. फ्लॅटमध्ये राहणारे आपण बहुतेक हिरव्या पट्टीतच असतो. व्हिलावाल्यांनी मात्र पट्टी ओलांडण्याकडे लक्ष ठेवावं.

आपल्यात म्हण आहे, दात कोरून पोट भरत नाही. मोबाइलचा चार्जर महिनाभर नुसता लावून ठेवला तरी दहा फिल्सची वीज जात नाही. जुना ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला सुमारे दोन दिरहम वाचतात. जरूर करा, पण पोट भरायचं तर एसी आणि गीझरकडेच जायला हवं.

एसी. उन्हाळ्यात आमच्या १२०० युनिटांपैकी निदान ८०० एसीच खातो. 'देवा'चा सल्ला २४ अंशांचा. दर अंशामागे ५ टक्क्यांपर्यंत बचत होते असं ते सांगतात. २० वरून २४ वर आलात तर ८०० मधले दीडशेच्या आसपास युनिट वाचतील, म्हणजे महिन्याला चाळीस दिरहम किंवा थोडे जास्त. २४ ला उकडतं असं वाटलं तर उभा पंखा लावा. आपल्याकडे छताला पंखा असतोच, इथे हूकसुद्धा नसतो! पन्नास वॅटचा पंखा रात्रभर चालला तरी दहा-पंधरा फिल्सचं काम.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. इथली धूळ माहीत आहेच. पश्चिमेच्या खिडकीचा जाड पडदा दुपारी बारापासून ओढून ठेवा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. बर्फात खेळायचंच असेल तर मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई आहे, बैठकीच्या खोलीत कशाला?

ज्यांच्या इमारतीत थंड हवेचं बिल वेगळ्या कंपनीकडून येतं, त्यांनी त्यातला ठरावीक आकार आणि वापराचा आकार वेगळे करून पाहावेत. तुमच्या हातात फक्त दुसरा असतो. नवीन घर शोधणाऱ्यांनी 'चिलर फ्री' म्हणजे नक्की काय, हे भाडेकरारात लिहून घ्यावं.

गीझर. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप उकळायला टेकलेलं असतं. तरी कित्येक घरांत गीझर चालूच! पाणी वापरलं नाही तरी एक गीझर नुसता गरम राहण्यासाठी दिवसाला एक-दीड युनिट घेतो. दोन न्हाणीघरं असली तर महिन्याला वीस दिरहम वाया.

जुन्या रहिवाशांची युक्ती अशी, की उन्हाळ्यात गीझर बंद करायचा आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझरमधलं पाणी घरातल्या थंडाव्यात निवलेलं असतं, तेच गार पाणी. थंड नळाला येतं ते चटके देणारं. लहान मुलांना आंघोळ घालताना आधी हात लावून पाहा.

युनिट अचानक वाढले तर 'देवा'च्या अ‍ॅपवर रोजचा वापर दिसतो. रात्री सगळे नळ बंद असताना पाणी मोजलं जात असेल तर फ्लशची टाकी गळते आहे असं समजा.

आता ते ७५० आणि ३६५.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई मिरजेहून आली. आम्ही दोघं कामावर, ती दुपारी एकटी. एक दिवस घरी आले तर एसी बंद, खिडकी उघडी, आणि आई सोफ्यावर आडवी. ओठ सुकलेले, उठायला गेली तर चक्कर. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. संध्याकाळी हळूच म्हणाली, "तुमचं बिल टेबलावर पाहिलं गं. साडेसातशे. रुपयांत केले, सतरा-अठरा हजार! माझ्या एकटीसाठी कशाला एवढी वीज?"

ती चार दिवस रोज दुपारी एसी बंद करून बसत होती. मी नंतर हिशोब केला. हॉलचा एसी चार तास बंद ठेवून तिने दिवसाला फार तर दीड दिरहम वाचवला होता. आणि ज्या आकड्याला ती घाबरली, त्यातला निम्म्याहून जास्त विजेचा नव्हताच. चूक तिची नाही. बिल मी तिच्यासमोर ठेवलं, पण वाचून दाखवलं नाही.

म्हणून विनंती. या उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील, सासूसासरे येणार आहेत, त्यांनी बिल घेऊन त्यांच्याशेजारी बसावं आणि एकेक ओळ समजावून सांगावी. दिरहमला रुपयांनी गुणायची सवय त्यांची जाणार नाही, आपली तरी कुठे गेली आहे? पण कशाला गुणायचं, ते कळेल. आमच्या रिमोटवर आता चिठ्ठी चिकटवली आहे : "२४. बंद करू नये." खाली आईनेच लिहिलं आहे, "बरं."

तुमच्या घरच्या युक्त्याही लिहून द्या. गणपतीत आरतीला भेटू, तेव्हा जुलै-ऑगस्टची बिलं बरोबर आणा. कोणाचे युनिट किती कमी झाले, ते ताडून पाहू.