वर्गणीतला खेळ

७ मे २०२४. तारीख लक्षात आहे, कारण दिवसभर टीव्हीवर बारामतीच्या मतदानाच्या बातम्या चालू होत्या आणि संध्याकाळी उशिरा भाच्याचा फोन आला. हल्लीची मुलं फोन करत नाहीत, मेसेज टाकतात. त्यामुळे त्याचं नाव दिसलं की आधी पोटात गोळाच येतो, ताईला काही झालं की काय!

"मामा, त्यांनी टँगो बंद केलं रे."

टँगो म्हणजे टँगो गेमवर्क्स, टोकियोतला व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ. 'रेझिडेंट ईव्हिल'वाल्या शिंजी मिकामींनी २०१० साली काढलेला. पुढे तो मायक्रोसॉफ्टकडे आला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी 'हाय-फाय रश' नावाचा खेळ काढला. सगळी मारामारी तालावर करायची, झाडंपेडं, यंत्रंबिंत्रं सगळी ठेक्यावर डोलणार. खेळ जाहीर झाला त्याच दिवशी बाजारात आला. आपल्याकडे तोवर २६ जानेवारी उजाडला होता, सुट्टीच होती, आणि भाच्याने ती सगळी त्यात घालवली. गेम पासमध्ये होता ना! वेगळे पैसे द्यायचे नव्हते. (गेम पासची महिन्याची वर्गणी माझ्या कार्डावरून जाते, हा तपशील आमच्या घराण्यात सोयीस्करपणे विसरला जातो.)

मी त्याची समजूत काढायला गेलो, तर त्याने एकच प्रश्न विचारला. "मी तर तो दोनदा पूर्ण केला. मग त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत का?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, तेव्हापासून अधूनमधून त्याचा विचार करतोय. आज जमेल तसं लिहून काढतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम पास म्हणजे खेळांचं वाचनालय. जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरू केलं. महिन्याला ठरावीक वर्गणी भरायची, शेकडो खेळ खेळायचे. सुरुवातीला त्यात जुनेच खेळ होते. मग जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे आमच्या स्वतःच्या स्टुडिओंचे नवे खेळ पहिल्या दिवसापासूनच यात मिळतील. माझ्या मते सगळी गोष्ट या एका निर्णयात आहे.

आमच्या लहानपणीच्या वाचनालयात कादंबरीची एक प्रत यायची आणि पन्नास घरं फिरायची. लेखकाला एकाच प्रतीचे पैसे मिळत. पण निदान ती प्रत खपली हे त्याला कळत होतं, आणि दुसरी आवृत्ती काढायची की नाही ते प्रकाशक त्यावरून ठरवत होता. आता अशी कल्पना करा की वाचनालयाचा मालकच प्रकाशक आहे, लेखक त्याचा पगारी नोकर आहे आणि प्रत अशी विकलीच जात नाही. किती जणांनी पुस्तक घरी नेलं एवढंच रजिस्टरमध्ये दिसतं. मग पुस्तक चाललं की पडलं हे सांगणार कोण?

आता माझी गोष्ट. सप्टेंबर २००७ मध्ये मी कंपनीच्या कामाने न्यू जर्सीत होतो. 'हेलो ३' (हॅलो नव्हे, हेलो!) २५ तारखेला येणार होता आणि आदल्या रात्री बारा वाजता दुकानासमोर रांग होती. थंडी नुकती पडू लागली होती. रांगेतली निम्मी पोरं आधीच्या दोन भागांतल्या गोष्टींवर हुज्जत घालत होती. ६० डॉलर मोजले, म्हणजे तेव्हाच्या भावाने २,४०० रुपये. घरी आईला आकडा सांगितला नाही. आमच्यासारख्या लोकांनी पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत १७ कोटी डॉलर मोजले असं मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या आकड्यात माझे ६० होते. पुढचा भाग निघणार की नाही याबद्दल कोणाच्याच मनात शंका राहिली नाही, कारण आम्ही मत देऊन आलो होतो.

चौदा वर्षांनी, ८ डिसेंबर २०२१ ला, 'हेलो इन्फिनिट' आला. तो मी घरी सोफ्यावर बसून उतरवून घेतला. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने सांगितलं की २ कोटी लोकांनी तो खेळला, हेलोच्या इतिहासातली ही सर्वात मोठी सुरुवात आहे. वाक्य नीट वाचा. २००७ मध्ये डॉलर मोजले होते, २०२२ मध्ये डोकी मोजली. त्यातही एकमेकांशी लढायचा भाग सगळ्यांना फुकट होता, वर्गणी नसली तरी. म्हणजे २ कोटींतल्या किती जणांनी खिशात हात घातला हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नाही.

आणि नंतर काय झालं? दुसरा सीझन यायला मे २०२२ उजाडला, तिसरा थेट मार्च २०२३ मध्ये. एका टीव्हीवर दोघांनी मिळून मोहीम खेळायची सोय, जी हेलोची खासियत, ती रद्दच केली. जानेवारी २०२३ च्या नोकरकपातीत स्टुडिओतली माणसं गेली. पुढे स्टुडिओचं नावही बदललं. या सगळ्याचं खापर गेम पासवर फोडणं बरोबर होणार नाही, त्या खेळाला आतल्या अडचणी बऱ्याच होत्या. पण इतिहासातली सर्वात मोठी सुरुवात झाली म्हणता आणि वर्षभरात माणसं घरी पाठवता, तर तुमचं मोजमाप कुठेतरी चुकतंय, नाही का?

हाय-फाय रशचंही तेच झालं. ३० लाख खेळाडू झाले. एक्सबॉक्सच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने २०२३ मध्ये जाहीर सांगितलं होतं की खेळ सर्व महत्त्वाच्या मोजमापांत उतरलाय. वर्षभरात स्टुडिओला कुलूप. त्यावर कडी म्हणजे बंदची बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या स्टुडिओप्रमुखांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की आपल्याला नाव आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे खेळ हवेत. ही बातमी 'द व्हर्ज'ने दिली होती. भाच्याने मला ती नुसती पाठवली, खाली एक शब्द लिहिला नाही.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर असं : नाही रे, तुझ्या खेळण्याचे वेगळे पैसे त्यांच्या खात्यावर पडले नाहीत. माझी वर्गणी एका मोठ्या डब्यात गेली, त्या डब्यातून शेकडो खेळांचा खर्च निघतो. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात तो डबा जवळजवळ ५ अब्ज डॉलरचा होता. पण त्यातले किती हाय-फाय रशमुळे आले? तू त्याच्यासाठी वर्गणीदार झालास की आधीच होतास? हे वरच्या कोणीतरी ठरवायचं असतं. विकलेल्या प्रतीशी वाद घालता येत नाही, अशा वाटणीशी कितीही घालता येतो. आणि वाद घालायची वेळ आली की टोकियोतल्या माणसाचा आवाज सिएटलपर्यंत पोचत नाही.

गेम पासने विक्री घटते का, यावर पूर्वी मोठी भांडणं व्हायची. ती मायक्रोसॉफ्टनेच मिटवली म्हणायची. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डच्या खरेदीची चौकशी ब्रिटनचा स्पर्धा नियामक करत होता, त्याच्या फेब्रुवारी २०२३ च्या अहवालात आहे की खेळ गेम पासमध्ये टाकल्यावर पुढच्या बारा महिन्यांत त्याची विक्री घटते असं खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत विश्लेषणात दिसतं. किती टक्के? तो आकडा झाकलेला आहे. मी ते पान उघडून बराच वेळ त्या झाकलेल्या जागेकडे बघत बसलो होतो, उगीचच.

ती खरेदी ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली, ६८.७ अब्ज डॉलरला. वर्षभराने 'कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ६' पहिल्या दिवशी गेम पासमध्ये आला. ही मालिका २००५ पासून दरवर्षी नवा भाग काढते आणि दरवर्षी लोक पूर्ण किंमत मोजतात. दुभती म्हैसच ती. ब्लूमबर्गने ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी दिली की तो भाग वर्गणीत दिल्यामुळे ३० कोटी डॉलरहून जास्त विक्रीवर पाणी सोडावं लागलं. त्याच महिन्यात गेम पास अल्टिमेटची वर्गणी अमेरिकेत २० डॉलरवरून ३० वर गेली, आपल्याकडे ८२९ रुपयांची १,३८९ झाली. म्हैस वाचनालयात बांधली की चाऱ्याचा खर्च वर्गणीदाराच्या माथी येणारच.

आता कोणी म्हणेल, मामासाहेब, तुम्ही एकच बाजू सांगताय. खरंय. अगदी नव्या खेळाला वर्गणीचा फायदा होतो, हे मला नाकारायचं नाही. 'पालवर्ल्ड' जानेवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा महिनाभरात स्टीमवर दीड कोटी प्रती विकल्या गेल्या आणि एक्सबॉक्सवर १ कोटी खेळाडू झाले. (बघा, एकाच घोषणेत एकीकडे प्रती आणि दुसरीकडे खेळाडू!) 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३' हा फ्रेंच खेळ एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या दिवशी गेम पासमध्ये होता, तरी तीन दिवसांत १० लाख प्रती आणि ३३ दिवसांत ३३ लाख. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही त्याला वाचनालयाच्या दर्शनी फळीवर जागा मिळाली, तर बोलबाला होतो आणि ज्यांच्याकडे वर्गणी नाही ते विकत घेतात. शिवाय हे खेळ मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे नाहीत. दुसऱ्या दुकानांतल्या विक्रीचा हिशेब बनवणाऱ्याच्या हातात स्वच्छ राहतो.

पण नाव झालेल्या मालिकेला दर्शनी फळीची गरज नसते. तिची फळी म्हणजे आधीचे भाग. इथे सोनीचं वागणं मला शहाणपणाचं वाटतं. (मी सोनीचा भक्त नाही, घरात एक्सबॉक्स आहे.) जून २०२२ मध्ये त्यांनी २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीदारांना देऊन टाकला. नोव्हेंबरमध्ये पुढचा भाग 'रॅग्नारोक' आला, तो मात्र पूर्ण किमतीला, आणि पहिल्या आठवड्यात ५१ लाख प्रती गेल्या. रॅग्नारोक त्यांच्या वर्गणीत आला जानेवारी २०२५ मध्ये, दोन वर्षं उलटल्यावर. निंटेंडो तर आणखी कडक. वर्गणीत आजोबांच्या काळातले खेळ मिळतील, नवा मारिओ हवा असेल तर पैसे काढा. जुना भाग वाचनालयात, नवा दुकानात. आपल्याकडे फिरत्या वाचनालयांनी लेखक मारले नाहीत, उलट वाचक तयार केले, ते याच हिशेबाने.

मी माझाही हिशेब मांडला. गेल्या वर्षी मी वर्गणीत एकतीस खेळ सुरू केले आणि चार पूर्ण केले. एकतीस! हेलो ३ मात्र मी चार वेळा पूर्ण केला होता, कारण ६० डॉलर वसूल करायचे होते. पहिल्या तासात कंटाळा आला तरी रेटायचो आणि तिसऱ्या तासाला खेळ आवडायला लागायचा. आता पहिल्या दहा मिनिटांत मन रमलं नाही तर पुढचा. मालिकेवर जीव जडायला लागणारा तो तिसरा तास आता माझ्याकडून कुठल्याच खेळाला मिळत नाही. यात कंपनीचा दोष नाही, सवय माझी बिघडलीय.

टँगोची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे आपल्याकडच्या पोरांच्या पबजीवाल्यांनी, तो स्टुडिओ आणि हाय-फाय रशचे हक्क घेतले. 'द ईव्हिल विदिन' आणि 'घोस्टवायर : टोकियो' हे त्यांचे जुने खेळ मायक्रोसॉफ्टकडेच राहिले. तेव्हाही भाच्याचा फोन आला होता, यावेळी पोटात गोळा यायच्या आत त्याने बातमी सांगून टाकली.

गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर हाय-फाय रश दिसला. स्टीमवर विकत घेतलेला, पहिल्या इंटर्नशिपच्या पैशातून. मी म्हटलं, अरे, दोनदा पूर्ण केलायस ना? हो म्हणाला. मग परत खेळणार? बघू म्हणाला, सध्या वेळ नाही. फराळाचं ताट घेऊन तो गच्चीत गेला आणि मी वर्गणीच्या पानावर पुढच्या हप्त्याची तारीख बघत बसलो.