संसारांतील चार गोष्टी : चांदीचा कस

लग्नसराई तोंडावर आली कीं आमच्या कोल्हापुरांतील गुजरींत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. सोन्याच्या खरेदीस घरांतील चार जाणतीं माणसें बरोबर जातात. पण पैंजण, जोडवीं, निरांजन, ताम्हन घेतांना ‘चांदीच तर आहे!’ असें म्हणून कोणी कस विचारीत नाहीं. ही बेफिकिरी किती महाग पडते, तें आम्ही या वेळीं मांडणार आहों.

चोख चांदी फार मऊ असते. तिच्या बारीक कड्यांचे पैंजण केले, तर ते थोड्याच दिवसांत ताणून वांकडे होतील. म्हणून कारागीर तींत तांबें मिसळतो. या मिसळीस हीण म्हणतात, आणि शंभर भागांत चांदी किती, या प्रमाणास सराफ टंच म्हणतात. हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या पैंजणांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. तेथें घरोघर हें काम चालतें. नाजूक कामास हीण लागतेंच, तेव्हां तें घालणें हा अपराध नव्हे. हीण घालून चोख चांदीचे पैसे घेणें, हा मात्र अपराध होय.

आतां हिशेब पाहा. २०० ग्रॅमचे पैंजण ६० टंचाचे असतील, तर त्यांत चांदी १२० ग्रॅम. दुकानदारानें दर लाविला २०० ग्रॅमांचा, शिवाय घडणावळ निराळी. पुढें तेच पैंजण मोडीत घातले म्हणजे किंमत येते १२० ग्रॅमांची, तीहि घट वजा जातां. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. कर्ता पुरुष आजारी पडला, सुनेनें माहेरचे पैंजण काढून दिले, आणि अपेक्षेच्या निम्म्याहून थोडेंच अधिक हातीं पडलें. स्त्रीधन हा अडल्या वेळचा आधार. तो ऐन वेळीं असा पोकळ निघूं नये.

पूर्वी राणीछाप रुपये आटवून दागिने करीत, त्यांत शहाणपण होतें. तो रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. पुढें १९४० सालीं सरकारनें रुपयांतील चांदी निम्म्यावर आणिली व १९४७ सालीं निकेलचा रुपया काढिला. म्हणून घरांतील जुने रुपये आटवावयाचे असतील, तर आधीं त्यांवरील साल पाहावें.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत शिसें घालून चांदी शोधण्याची रीत सांगितली आहे व शुद्ध चांदीचा वर्ण दह्यासारखा असतो असें म्हटलें आहे. तथापि केवळ रंगावर भिस्त ठेवूं नये. उजळा दिला म्हणजे वरवरचें तांबें निघून जाऊन हिणकस नगहि शुभ्र दिसतो. उलट, चांदी काळी पडली म्हणून ती खोटी, हीहि समजूत चुकीची. हवेंतील गंधकयुक्त वायूंमुळें चोख चांदीहि काळवंडते. लोहचुंबकाची परीक्षा अपुरी, कारण तांबेंहि त्यास चिकटत नाहीं. आणि ‘जर्मन सिल्व्हर’मध्यें तांबें, जस्त व निकेल असतें, चांदी औषधालाहि नसते.

खात्रीचा मार्ग हॉलमार्कचा. ९२५ हा अंक असेल, तर हजार भागांत ९२५ भाग चांदी आहे असें समजावें. ८०० पासून ९९९ पर्यंत अशा प्रती ठरलेल्या आहेत. भारतीय मानक ब्यूरोनें १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या नगांवर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख-खूण घालण्याची पद्धत सुरू केली. ती ऐच्छिक ठेविली असल्यामुळें गिऱ्हाइकानें मागावयास हवी. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर ही खूण घालून घरबसल्या पडताळा घेतां येतो.

खूण नसलेला नग घ्यावयाचाच झाला, तर पावतीवर वजन, टंच, दर व घडणावळ हीं चारहि निरनिराळीं लिहून घ्यावीं, आणि परत घेतांना कोणत्या हिशेबानें घेणार तेंहि लिहवून घ्यावें. प्रामाणिक सराफास याचा राग येत नाहीं. ही पावती दागिन्याच्या डबींतच ठेवावी, व ती कशी वाचावी हें घरांतील लेकीसुनांस समजावून द्यावें.